त्रेचाळिसावा आकडा

२२ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या कमरेभोवती टेप धरून उभी होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. तसंही फोनवर मी रागावते, तू हं हं करतोस आणि ठेवल्यावर काय ठरलं ते दोघांनाही आठवत नाही. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही. आता बैठं काम मिळालंय म्हणे, तेव्हा वेळ नाही ही सबब चालायची नाही.

म्हणजे गोळ्यांनी भागेना म्हणून इन्सुलिन सुरू झालं आणि इन्सुलिन सुरू झालं म्हणून ट्रकची किल्ली काढून घेतली, असंच ना? सव्वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला गेटवर बसवलं हे ऐकून मला आधी तुझ्या कंपनीचा संताप आला. मग दोन ब्लाउज कापून झाल्यावर डोकं शांत झालं. चालत्या गाडीत शुगर एकदम खाली गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मागे वीस टन माल असला, तर तुझंही काही खरं नाही आणि समोरच्याचंही. बाबांनी कधी तपासलंच नाही. शेवटची चार वर्षं खिडकीत बसून नुसत्या आवाजावरून कुठला ट्रक गेला ते सांगायचे. आपण हसायचो तेव्हा. तुला तसं बसलेलं मला बघायचं नाही.

सोबत बिस्किटांचा डबा पाठवते आहे. घाबरू नकोस, रिकामा आहे. इतकी वर्षं तो भरून पाठवला ही माझीच अक्कल. आता त्यात तुझ्या सुया, पट्ट्या आणि ते शुगर मोजायचं मशीन ठेव. गोड खाल्लंस तर मला इथे बसून कळेल.

वहिनीला सांग, तुझ्यावर नजर ठेव. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

डबा पोचला. सवयीने आधी हलवून पाहिला. आतून काहीच वाजलं नाही तेव्हा मन खट्टू झालं, ते कबूल करतो.

मी हे गेटच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि एक जाडजूड रजिस्टर, एवढा माझा संसार. गाडी आली की नंबर, ड्रायव्हरचं नाव, आत आल्याची वेळ लिहायची, गेली की गेल्याची. मिनिटासकट. माझी म्हातारी रोज सकाळी आठ चाळीसला माझ्यासमोरून बाहेर पडते. हो, ट्रकला मी म्हातारीच म्हणतो. तिच्यावर एक नवखा बसवलाय. पोरगा वाईट नाही, पण त्याने सीट पुढे ओढली आहे आणि दुसऱ्या गिअरला तो तिला असा काही रडवतो की माझे दात आंबतात. मी मान खाली घालून वेळ लिहितो.

आता नियम सांगतो, म्हणजे तू दर पत्रात विचारणार नाहीस. तीन महिने रोज चार वेळा शुगर मोजायची, वहीत लिहायची आणि एकदाही ती धोक्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. मग वही आणि मशीन घेऊन तपासणीच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. त्यांचं समाधान झालं तर एका वर्षाचा दाखला, की हा माणूस इन्सुलिन घेऊनही ट्रक चालवायला लायक आहे. मालक म्हणाले, जूनअखेरपर्यंत म्हातारी तुझ्यासाठी राखून ठेवतो. त्यानंतर ती कायमची नवख्याची. माणूस सरळ आहे, पण शब्द म्हणजे शब्द.

एक गंमत. दुपारी मी केबिनमध्ये बोट टोचत होतो तर आमच्यातला एक ड्रायव्हर, लांबू, आला, म्हणाला माझीही बघ. बघितली. मग डेपोचा मिस्त्री आला. आता जेवणाच्या सुट्टीत रांगच लागते. प्रत्येकाला नवी सुई, नवी पट्टी, एवढी अक्कल मला आहे. पट्ट्या आता त्यांच्या तेच आणतात. हे लोक डॉक्टरकडे जायला घाबरतात. आकडा एकदा कागदावर चढला की लायसन्सपर्यंत मागोमाग येतो असं त्यांना वाटतं. माझ्याकडे कागद नाही. वहीत फक्त माझे आकडे, बाकीच्यांचे तोंडी. लांबूची दोनशे चौसष्ट निघाली तेव्हा मात्र त्याला मी दरडावून डॉक्टरकडे धाडला. सहा फूट दोन इंचांचा गडी रडवेला होऊन गेला.

माझे आकडे सरळ आहेत. तुझा लोभ असू दे, दरारा आहेच.

तुझा,
भाऊ


२ एप्रिल

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आकड्यांचा कागद मिळाला. मार्चच्या चौदा तारखेला संध्याकाळी एकशे नव्वद कशी? वहिनीने केक आणला असणार. तिला म्हणावं, मी येते आहे. सोळाला निघते, पाच दिवस राहीन आणि तुमचं स्वयंपाकघर तपासून जाईन.

तुझ्या रांगेचं वाचून हसले. माझ्याकडेही तेच. टेप कमरेला लावला की प्रत्येक बाई पोट आत ओढून, श्वास धरून उभी राहते. मी टेप सैल सोडून सांगते, बाई, श्वास सोडा, मग माप घेते. कपडा तुम्हाला घालायचाय, मला नाही. तरी ऐकत नाहीत. मग आठ दिवसांनी येतात, शिवणीतच चूक आहे म्हणतात.

माझा चष्मा मात्र दगा देतोय. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा नंबर बदलला तरी सुईत दोरा जाईना. शेवटी शेजारच्या घड्याळवाल्याकडे सुया घेऊन जाते. तो डोळ्याला भिंग लावून एका दमात दहा सुया ओवून देतो आणि वर म्हणतो, आता तुम्हाला किल्ली कधी देऊ. मेला फार पुढे बोलतो.

आल्यावर तुमच्याकडचा चहा बिनसाखरेचा असला तरी चालेल, पण गरम असू दे. लोभ धरावास, केक धरू नयेस.

तुझी,
ताई


२५ एप्रिल

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. एक दिवस आधी निघाले म्हणून वहिनी नाराज झाली असेल. शाळेच्या गणवेशांचं काम अचानक आलं, नाहीतर राहिले असते. तुमच्याकडे फार बरं वाटलं. गेटवरचा तुझा पंखा खरंच कुरकुरतो.

एक विचारायचं होतं. बाबांची नजर एकदम गेली होती की हळूहळू? तुला जास्त आठवत असेल, तू त्यांच्याबरोबर गाडीवर जायचास. सहज विचारते आहे.

तुझे आकडे पाठवत जा. कामाच्या गडबडीत आहे, एवढंच पुरे. लोभ आहेच.

तुझी,
ताई


२८ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, घोळ झाला. माझाच आहे, त्यामुळे कुणावर ओरडायचीही सोय नाही.

काल डबा बगलेत मारून तपासणीला गेलो. वजन, ब्लडप्रेशर, डोळे, पाय, सगळं उत्तम. डॉक्टरीणबाई वही चाळून खूश झाल्या. मग त्यांनी माझं मशीन वायरने कॉम्प्युटरला जोडलं. मला वाटलं चार्ज करताहेत. कॉम्प्युटरवर एकामागून एक आकडे उतरायला लागले, तारीख आणि वेळेसकट, तीन महिन्यांचे. त्या डबीला आठवण असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! माझे आकडे होतेच. त्यांच्यामध्ये लांबूची दोनशे चौसष्ट, मिस्त्रीची एकशे ऐंशी आणि अख्ख्या डेपोची शुगर ठाण मांडून बसलेली. एकूण त्रेचाळीस आकडे असे, जे वहीत नाहीत.

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, वहीत चांगले आकडे लिहून वाईट वगळणारे मी पुष्कळ पाहिलेत. मी सगळी रांग सांगितली. त्यांचा विश्वास बसला की नाही कळलं नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की मशीन म्हणजे दात घासायचा ब्रश समजा, एका माणसाचा एक. आता या प्रत्येक आकड्याचा मालक आणून दाखवा, सहीनिशी. पंधरा जूनपर्यंत. एक जरी आकडा बेवारस राहिला तरी नव्याने तीन महिने मोजायचं.

नव्याने तीन महिने म्हणजे म्हातारी गेली. घरी येऊन तसाच बसून राहिलो. तुझी वहिनी म्हणाली आधी जेवून घ्या, इन्सुलिन घेऊन उपाशी बसलात तर आणखी एक आकडा वाढेल. जेवलो.

तू रागावशील ते माहीत आहे. रागाव, पण पत्र पाठव.

तुझा,
भाऊ


३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही. तू रागावूनही लिहिलं नाहीस म्हणजे फारच रागावली असणार. तरी पुढचं सांगतो, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परवा केबिनमध्ये कपाळाला हात लावून बसलो होतो. समोर गेटचं रजिस्टर उघडं. बघता बघता ट्यूब पेटली. मशीनमध्ये वेळ आहे आणि रजिस्टरमध्येही वेळ आहे! दोन मार्च, एक वाजून बारा मिनिटं, दोनशे चौसष्ट. रजिस्टरमध्ये लांबूची गाडी बारा पन्नासला आत. असं एकेक आकडा धरून माणूस शोधायला बसलो. तीन महिने ज्या कामाला मी नावं ठेवली त्यानेच मला हात दिला.

खरी अडचण सह्यांची होती. कागदावर चढायचं नाही म्हणून तर माझ्याकडे आले होते बिचारे. मी कुणाला आग्रह केला नाही. जेवणाच्या सुट्टीत कागद टेबलावर ठेवला, झालेलं सांगितलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. पहिली सही लांबूने केली. म्हणाला, तू दरडावलं नसतंस तर मी एखाद्या दिवशी गाडीतच लुढकलो असतो. त्याच्यामागे मिस्त्री. आणि ताई, नवख्याचाही एक आकडा होता. त्याने सही केली तर त्याच्या हातची म्हातारी जाते हे त्याला कळत होतं. तरी केली. जाता जाता म्हणाला, काका, दुसऱ्या गिअरचं काय ते एकदा शिकवा. मी त्याला आता वाईट बोलणार नाही.

बेचाळीस झाले. एक उरलाय आणि तो कुणाचाच नाही. एकोणीस एप्रिल, सकाळी सात वाजून दहा मिनिटं, दोनशे सत्त्याऐंशी. रविवार होता, गेट बंद, मी घरी. त्या दिवशी सात वाजून पाच मिनिटांनी मी माझी मोजली, एकशे अठरा, वहीत आहे, मशीनमध्येही आहे. पाच मिनिटांत एकशे अठराची दोनशे सत्त्याऐंशी होत नाही, बाई म्हणणारच. मशीन बिघडलं म्हणावं तर सगळेच आकडे खोटे ठरतात. मी तर लगेच अंघोळीला गेलो होतो. डोकं चालेना झालंय.

तू त्या दिवशी इथेच होतीस. तुला काही आठवतं का?

तुझा,
भाऊ


४ जून

ती. ताईंना सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. लग्नानंतर असं दुसऱ्यांदाच करते. पहिल्यांदा यांच्या वाढदिवसाला शर्टाचं माप कळवलं होतं, तेही तुम्हालाच.

यांच्या पट्ट्या मी दर रविवारी पहाटे मोजून डब्यात ठेवते. एकोणीस तारखेला ठेवल्या त्यांतल्या आठवड्यात अठ्ठावीस जायच्या त्या एकोणतीस गेल्या. मला वाटलं एखादी वाया गेली असेल. काल यांनी तो आकडा मोठ्याने वाचला आणि मला ती सकाळ आठवली. हे अंघोळीला गेले होते, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तुम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी एकट्या होतात. मग चहा घेताना तुमच्या बोटात अंगुस्तान होतं, शिवताना सुई लागू नये म्हणून घालता ते. माझ्या घरी शिवण नव्हतं ताई. आणि तुम्ही चहात साखर घेतली नाहीत, सवय झाली म्हणालात.

मी काही विचारत नाही. यांना म्हातारी मिळाली नाही तर हे रडतील, चार दिवसांनी हसतील. मला काळजी यांची नाही. दीड महिना झाला, तुम्ही ते एकटीने घेऊन बसला आहात. इतकी वर्षं आमच्या दोघांच्या खाण्यापिण्यावर तुम्ही ओरडत आलात. आता एकदा आमची पाळी येऊ द्या.

तुमच्या पायाशी लोभाची धाकटी मागणी आहे, नाही म्हणू नका.

तुमची,
भावजय


८ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

दोनशे सत्त्याऐंशी माझी आहे.

तू सात वाजून पाच मिनिटांनी बोट टोचलंस, आकडा बघून लहानपणी पास झाल्यावर हसायचास तसा हसलास आणि शीळ घालत अंघोळीला गेलास. मशीन तिथेच होतं. मी म्हटलं बघू तरी. तीन दिवस तुझं बघून कसं करायचं ते आलंच होतं. आकडा दिसल्यावर मी मशीन बंद करून पुसून जागेवर ठेवलं आणि पट्टी कचऱ्याच्या अगदी तळाशी दडपली. बोटातलं रक्त थांबेना म्हणून अंगुस्तान घातलं. ती डबी माझी चुगली करणार हे मलाही माहीत नव्हतं. आपण बहीणभाऊ शोभतो खरे.

तुला का नाही सांगितलं विचारशील. लाज वाटली. फेब्रुवारीपासून तुला झोडपत होते आणि माझ्या गल्ल्याशेजारी बिस्किटांचा दुसरा डबा होता, भरलेला. पण लाज अर्धीच. उरलेली अर्धी भीती होती. सुईत दोरा जात नव्हता तो चष्म्यामुळे नाही, हे मला त्या सकाळी कळलं आणि बाबांची खिडकी दिसली. डोळे गेले तर मी काय करणार, भाऊ? मला शिवण्याखेरीज काही येत नाही. मग आकडाच पाहिला नाही असं ठरवून टाकलं. तुझी दोन पत्रं आली, ती उशीखाली ठेवून झोपले. तुझा ट्रक जाईल हे कळत होतं आणि तरी पेन उचलवत नव्हतं. हे तुला सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

वहिनीचं पत्र आलं. काय लिहिलंय ते तिला विचारू नकोस. त्याच दुपारी दुकानाला कुलूप लावून डॉक्टरकडे गेले. घड्याळवाला सोबत आला, नको म्हटलं तरी. रक्त तपासलं, शुगर भरपूर आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून आत पाहिलं. म्हणाले, पडदा शाबूत आहे. शुगर वरखाली होते म्हणून नंबर सारखा बदलतोय, ती आटोक्यात आली की दोरा पुन्हा दिसेल. मी त्या खुर्चीतच रडले. मग हसले. बाहुल्या मोठ्या, त्यामुळे बाहेर आल्यावर काही दिसेना, आणि घड्याळवाल्याचा हात धरून रस्ता ओलांडावा लागला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

सोबत तुझ्या डॉक्टरीणबाईंसाठी माझं सहीचं पत्र आणि माझे रिपोर्ट आहेत. वेळेत पोचव. तुझ्या वाट्याची तीन महिन्यांची शिक्षा माझ्यामुळे वाढली असती तर मी तुला तोंड दाखवू शकले नसते.

रागावणार असशील तर रागाव. यावेळी हं हं मी करीन.

तुझी,
ताई


१८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागवायला वेळच मिळाला नाही, आधी दाखला मिळाला!

पंधराला डॉक्टरीणबाईंपुढे बेचाळीस सह्या ठेवल्या आणि वर तुझं पत्र. त्यांनी ते दोनदा वाचलं. तू त्यात लिहिलंयस ना की माझा भाऊ चोर नाही, चोर मी आहे आणि फक्त एका पट्टीची, तिथे त्या हसल्या. तुझ्या रिपोर्टवरची तारीख पाहिली, मशीनमधली वेळ पाहिली, मग शिक्का मारला. वर्षाचा दाखला. म्हणाल्या, तुमच्या बहिणीला सांगा, इतका सरळ कागद माझ्याकडे क्वचित येतो. आणि डेपोत दर महिन्याला आरोग्याची माणसं बोलवा, तुमचं गेट बंद करा.

ताई, तुझ्या पत्रातली बाबांची खिडकी मी गेटवर बसून वाचली. समोरून गाडी गेली ती मला दिसलीच नाही, रजिस्टरमध्ये एक ओळ राहिली. तू विचारलं होतंस. हळूहळू गेली होती त्यांची नजर. मला ती जाताना दिसत होती आणि मी कुणाला बोललो नाही, कारण ते मला गाडीवर नेणं बंद करतील असं वाटलं. म्हणजे हा रोग घराण्यातलाच आहे, शुगर नव्हे, गप्प बसण्याचा. तू तो मोडलास.

तुझा डबा परत पाठवतोय. यावेळी हलवून बघ, वाजेल. आत नवं मशीन आहे, फक्त तुझं. घड्याळवाल्यालाही लावू देऊ नकोस. सुया, पट्ट्या वहिनीने मोजून ठेवल्यात, आणि गेटच्या रजिस्टरसारखे रकाने आखलेली एक वही आहे. पहिली ओळ मी भरली आहे: १९ एप्रिल, सात दहा, २८७, मालक ताई.

काल म्हातारीवर बसलो. निघण्याआधी मोजली, एकशे बारा. सीट मागे घेतली. नवखा शेजारी होता, त्याला आठ दिवस माझ्याबरोबर दिलाय. दुसऱ्या गिअरला म्हातारी हूं की चूं करत नाही हे पाहून तो माझ्याकडे बघतच राहिला. मी सांगितलं, तिला घाई आवडत नाही.

सत्तावीसला तुझ्या गावावरून माल घेऊन जायचाय. दुपारी तासभर थांबेन. गाडी नाक्यावर लावून चालत येतो. दुकानासमोर लावली की उजेड अडतो म्हणून तू ओरडतेस.

लोभ असावा, तो मोजायचं मशीन अजून निघालेलं नाही हे बरंच आहे.

तुझा,
भाऊ


२३ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

डबा पोचला, वाजला. वही आवडली. पहिली ओळ खोडावीशी वाटली, मग राहू दिली.

गोळ्या चालू आहेत. संध्याकाळी बाजाराला दोन फेऱ्या चालते. घड्याळवालाही चालतो, त्याला शुगर नाही तरी. त्यावरून वहिनीने मला जे लिहिलंय ते तू वाचलं नसावंस अशी आशा आहे. बिस्किटांचा दुसरा डबा मी त्यालाच देऊन टाकला, आता तो त्यात स्प्रिंगा ठेवतो. आणि काल एक सुई माझी मी ओवली. तिसऱ्या खेपेला गेली. लगेच उठून त्याला दाखवायला गेले तर म्हणाला, म्हणजे आता तुम्ही यायचं बंद करणार. मी म्हटलं, बघू.

सत्तावीसला जेवायलाच ये. नवख्यालाही आण. मी मोजूनमापून वाढीन, कुरकुर करायची नाही.

गाडी नाक्यावर लावू नकोस. दुकानासमोरच लाव, अगदी दारात. तासभर उजेड अडला तर अडू दे, मला म्हातारीला नीट बघायचंय.

आज सकाळी सात दहाला मोजली. एकशे एक्केचाळीस. श्वास सोडून.

तुझी,
ताई